छोट्या बाटलीवर यादीच नसते

गेल्या महिन्यात गावाला जायचं होतं म्हणून मेडिकलमधून इंटिमेट वॉशची, म्हणजे योनीची बाहेरची जागा धुवायच्या लिक्विडची, छोटी बाटली घेतली, 50 मिलीची, आणि तिसऱ्या दिवशी अशी आग आणि खाज सुरू झाली की धड बसवेना. डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, "त्यात काय काय होतं गं?" पर्समधून बाटली काढली, उलटसुलट करून पाहिली, पण घटकांची यादीच नाही. कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बस.

मला वाटलं कंपनीने लबाडी केली. पण नाही, नियमच तसा आहे! असे वॉश आपल्याकडे बहुतेक कॉस्मेटिक म्हणून विकतात, आणि कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे लेबलवर घटक लिहावे लागतात, एक टक्क्यापेक्षा जास्त असतील ते उतरत्या क्रमाने, बाकीचे कसेही. पण 60 मिलीपेक्षा लहान बाटलीला त्यातून सूट आहे. आता हॉस्टेलच्या मुली पहिल्यांदा कुठली घेणार, हीच ना, स्वस्त पडते म्हणून! मला हे अजिबात पटत नाही, निदान इतक्या नाजूक जागी लावायच्या वस्तूला तरी ही सूट नको.

मग दुकानात जाऊन त्याच वॉशची मोठी बाटली वाचली. सुगंधासाठी फक्त 'परफ्यूम' एवढा एकच शब्द, त्यात नक्की काय ते कळायला मार्ग नाही, आणि शेवटी मिथाइलआयसोथायाझोलिनोन. हे प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालतात ते, त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते, युरोपात तर लावून तसंच ठेवायच्या क्रीम, वाइप्समध्ये याला 2017 पासून बंदी आहे, धुऊन टाकायच्या वस्तूंत अगदी थोडं चालतं. मॅडम म्हणाल्या पॅच टेस्टशिवाय, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासल्याशिवाय, पक्कं सांगता येणार नाही, पण हे दोन्ही आधी बंद कर.

आणि बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'पीएच बॅलन्स्ड'. योनीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 3.8 ते 4.5 असतो, तो आतले लॅक्टोबॅसिलस जिवाणूच सांभाळतात, आत काही घालून धुवायचं नसतंच, उलट त्याने इन्फेक्शन वाढतं. बाहेरून साधं पाणी पुरतं असं मॅडमनी सांगितलं, मी आता तेच करते.

परवा भाचीला फोन करून म्हटलं तुझ्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. तिचीही 50 मिलीचीच निघाली.