रील बिघडलंच नव्हतं

रीलदुरुस्तीचं ६५० रुपयांचं बिल मी अजून गऱ्यांच्या डब्यात जपून ठेवलंय. २१ दिवस माझं रील, म्हणजे गळाच्या रॉडवरची दोरी गुंडाळायची फिरकी, दुकानात पडून होतं आणि त्यात बिघाड कसलाच नव्हता. कुठल्या माशाला कुठली दोरी ते सांगायला बसलोय खरा, पण आधी हे ओकून टाकतो.

आमच्याकडे दोरी म्हणजे तंगूस, नायलॉनची एकपदरी दोरी. बांबूच्या काठीला बांधायचा, गरीला कोलंबी लावायची, झालं काम. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा बरा रॉड आणि ४००० साइजचं रील घेतलं. दहा-बारा व्हिडिओ बघून ठरवलं की आता तंगूस बंद, ब्रेडच, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरीच भरायची. पार्सल आल्यावर मी "ब्रेड आलाय" म्हणालो तर आई चहा ठेवायला उठली. १५० मीटर, ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलो ओझं पेलणारी. रीलच्या स्पुलाला, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या गोल डबड्याला, गाठ मारली आणि सगळी भरून टाकली. इथेच माती खाल्ली होती, पण ते कळायला बराच काळ गेला.

रेवदंड्याच्या खाडीत पाणी फिरताना तिवरांच्या कडेला ल्यूर, म्हणजे गरी लावलेला नकली मासा, मारत होतो. चौथ्या-पाचव्या फेकीला असा दणका बसला की रॉड पाण्याकडे वाकला. मी हँडल फिरवतोय, फिरवतोय, आणि दोरी आत येण्याऐवजी बाहेरच चाललीय. ड्रॅगचा, म्हणजे ओढ बसल्यावर स्पूल किती सैल फिरेल ते ठरवणारा नॉब गच्च आवळला, तरी तेच. मासा तिवरांच्या मुळांत शिरला आणि दोरी सुटली. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ड्रॅग सुटला की रील टर्रर्र वाजतं. ते वाजलंच नव्हतं.

सोमवारी रील घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं नॉब उघडला, आत डोकावला. "वॉशर गेलेत साहेब. पार्ट मागवावा लागेल." दोन महिन्यांच्या रीलचे वॉशर कसे जातात हे विचारायचं मला सुचलं नाही. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी फोन केला तर शेठ जेवायला गेलेले. पुढच्या सोमवारी पार्ट निघालाय, शुक्रवारी पार्ट आलाय पण मिस्त्री गावाला गेलाय. मधे एक पौर्णिमा गेली, एक अमावास्या गेली, उधाणाची दोन्ही पाणी वाया. जेटीवरच्या पोरांचे जिताड्यांसोबतचे फोटो मोबाइलवर येत होते आणि मी मिस्त्रीच्या गावाची एसटी कधी सुटते याचा हिशोब करत होतो.

अखेर रील मिळालं. जुने वॉशर प्लास्टिकच्या पुडीत घालून दिले होते, चांगले धडधाकट दिसत होते. "बघा, चेक करून देतो," म्हणत त्यानं नॉब थोडा सैल केला आणि दोरी ओढली. टर्रर्र. मी खूश. आता कळतं की नॉब सैल असताना ते वाजणारच. दुखणं गच्च आवळल्यावरचं होतं, आणि तसं ओढून ना त्यानं पाहिलं ना मी.

त्या रविवारी जेटीवर पुन्हा तोच खेळ. यावेळी मासाही नव्हता, गरी नुसती दगडात अडकली होती. शेजारी एक वयस्क काका हातदोरी टाकून बसले होते. दोरी सोड्याच्या बाटलीला गुंडाळलेली, बोटावर शिशाचा ठोका घेत होते. माझी झटापट त्यांनी थोडा वेळ पाहिली, मग उठून आले आणि स्पुलाच्या कडेवर अंगठा ठेवला. "ओढ आता." मी ओढलं. "अरे बाळा, डबडं जागच्या जागी उभंय. दोरीच गरगरतेय त्याच्यावर. साबण लावल्यासारखी गुळगुळीत आहे ही."

वाकून पाहिलं तर खरंच. स्पूल स्थिर आणि त्यावरची दोरीची अख्खी गुंडाळी बांगडीसारखी फिरत होती. ब्रेड ज्या पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणतात, तो धागाच निसरडा. गुळगुळीत स्पुलावर त्याची नुसती गाठ धरत नाही. खाली आधी थोडा तंगूस भरायचा, तो ताण पडला की स्पूल आवळून धरतो. तंगूस नसेल तर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक वेढा लावली तरी भागतं. काकांनी त्यांच्या बाटलीवरचा दहाएक मीटर तंगूस तोडून दिला. मी जेटीभर फिरत १५० मीटर ब्रेड पाण्याच्या बाटलीवर उतरवली आणि तंगुसावर परत भरली. शेवटी जास्तीची थोडी तोडावी लागली, कारण काठोकाठ भरलं की फेकताना दोरीचा गुंता होतो. काठ दोन-तीन मिलिमीटर रिकामा हवा. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

आता दोरीचं. तळाला शिसं टाकून शिंगाळ्यासाठी बसायचं असेल तर ब्रेडच्या भानगडीत पडू नका. जेटीच्या खांबांना कालवं असतात, त्यांच्या धारेवर ताणलेली ब्रेड सुतासारखी तुटते. ०.४० मिमीचा तंगूस घ्या. तो ताणतो, माशाचा झटका सोसतो, आणि तुटला तरी जीव हळहळत नाही. बोयीला मात्र ०.२० च्या वर जाऊ नका. तरंगा आणि कणकेची गोळी लावून बसायचं, जाड दोरी दिसली की बोय फिरकत नाही.

ल्यूर मारून जिताडा किंवा तांबोशी हवी असेल तिथे ब्रेडला तोड नाही. ती ताणत नाही, त्यामुळे ल्यूरला लागलेला ठोका थेट मनगटात येतो. पण शेवटचा मीटर-दीड मीटर ४० पौंडांचा लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड दोरीचा तुकडा, हवाच. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते. जानेवारीत मला मिळालेल्या साडेतीन किलोच्या जिताड्यानं (हो, सांगणारच) लीडरचा वीतभर भाग खरवडून पांढरा केला होता. नुसती ब्रेड असती तर फोटोही नसता. लीडर फ्लोरोकार्बनचा घेतला तर पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो, ब्रेड तरंगते. महाग आहे, म्हणून स्पूलभर घेऊ नका, लीडरपुरताच पुरे. सुरमईसाठी मात्र फ्लोरोकार्बनचाही भरवसा नाही, तिच्या दातांपुढे वीतभर स्टीलची तार लागते.

ब्रेडच्या पाकिटावरचा पीई (पॉलिएथिलीन) नंबर जाडी सांगतो, ताकद नाही. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५. दोन कंपन्यांच्या ३० पौंडांच्या दोऱ्या शेजारी धरा, एक चांगलीच जाड निघेल. मी आता आधी मिलिमीटर वाचतो, मग पौंड. आणि ३० पौंडांची दोरी आहे म्हणून ड्रॅग तेवढा आवळायचा नसतो. तराजूचा काटा लावून फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शावर, साडेचार किलोच्या आसपास ठेवतो. हे आधी माहीत असतं तर त्या दिवशी नॉब गच्च केलाच नसता.

गाठी सांगायच्या राहिल्या. तंगुसाला चालते ती साधी पिळाची गाठ ब्रेडला घसरते, तिथे पालोमर मारा. ब्रेडला लीडर जोडायला दोन्हीकडून युनी गाठ पुरते. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच तुटते. गरी दगडात अडकली तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. रुमालही पुरत नाही, काठीला गुंडाळा. तंगूस गाडीत काचेखाली ठेवू नका, उन्हानं कुजतो. आणि ब्रेड कापायला नेलकटर नेऊ नका, टोकाचा नुसता पिंजारा होतो. छोटी धारदार कात्री गळ्यात अडकवा.