खंडित मूर्ती

आळंदी ते पंढरपूर दोनदा चालून झालं होतं, त्यामुळे कामिनोला, म्हणजे स्पेनमधल्या सांत्यागोच्या पायी यात्रेला, निघताना मी जरा तोऱ्यातच होते. बुर्गोसच्या पुढे, गव्हाच्या त्या सपाट रानात, कितव्या दिवशी कोण जाणे, उजव्या टाचेला फोड आला आणि तोरा उतरला. वारीत दिंडीतली कुणी ना कुणी मावशी सुई-दोरा घेऊन बसतेच. इथे पुढे दोन काठ्या टकटकवत जाणारा एक गृहस्थ, बाकी चिटपाखरू नाही. आदल्या रात्री आल्बेर्गेत, यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, माझ्या वरच्या पलंगावर घोरत होता तो हाच. मनात 'ज्ञानबा तुकाराम' धरलं, तर तेही त्याच्या काठ्यांच्या ठेक्यात जायला लागलं. असा संताप आला!

फ्रोमिस्ताच्या सान मार्तिन चर्चला छताखाली तीनशेवर कोरीव चेहरे नि जनावरं आहेत म्हणतात. मी पाच मिनिटांत बाहेर.

दुपारी व्हियाल्काझार दे सिर्गा. गाव एवढंसं आणि देऊळ केवढं! चर्च म्हणायला हवं, पण मनात देऊळच आलं. पायऱ्या चढले आणि सवयीने दाराशी बूट काढले. तिकिटाच्या टेबलामागची म्हातारी 'घाला, घाला' अशा खुणा करत उठली, आणि तेवढ्यात तिला मोज्यावरचं रक्त दिसलं. मग जे सुरू झालं ते स्पॅनिश असलं तरी ओरडा होता हे कळत होतं. माझी आत्या अशीच ओरडायची.

तिने बाकावर बसवलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यात सुई-दोरा. (बिस्किटं त्या डब्यात कुठल्याच देशात नसतात.) लायटरवर सुई तापवली, माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. वारीत पाय चेपणाऱ्यांपुढे मी नेहमी संकोचाने पाय ओढून घेते. इथे ओढायचं त्राणच नव्हतं. फोडातून दोरा आरपार ओवून तिने दोन्हीकडे टोकं सोडली, अगदी दिंडीतल्यासारखी. वर बीटाडीन. पैसे देऊ केले तर हात झटकला. तिकिटाचे मात्र मोजून घेतले.

मग कोपराला धरून आत नेलं. दगडात घडवलेली मरिया, मांडीवर बाळ. हीच ती व्हिर्हेन ब्लांका, गोरी मरिया. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजाच्या दरबारी मरियेची चारशेवर गीतं झाली, त्यांत हिचे चमत्कार आहेत. एका गीतात एक पांगळा जर्मन व्यापारी आहे. सांत्यागोला जाऊन त्याला गुण येत नाही, उलट परतीच्या वाटेवर दृष्टीही जाते, आणि बरा होतो तो हिच्या दारात. क्षेत्राक्षेत्रांतली चुरस आपल्याला काही नवी नाही.

पण बाळाला डोकंच नव्हतं. मानेपाशी तुटलेला दगड.

आमच्या देवघरातल्या रुक्मिणीचा हात दुखावला, तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला इंद्रायणीत सोडलं होतं. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत. माझ्या आजीकडून आलेली ती रुक्मिणी. मी तेव्हा काही बोलले नाही, पण आठवडाभर धड जेवले नव्हते.

मी बाळाकडे बोट दाखवलं. म्हातारीने खांदे उडवले, जसं काही एखाद्याला चष्मा का आहे असं मी विचारलं होतं. मग मूर्तीकडे बघत ती चांगल्या खणखणीत आवाजात बोलू लागली. 'इंदिया' ऐकू आलं, टाचेकडे हातही झाला. माझी तक्रारच चालली असावी. मी हात जोडले. मागायचं काय ते सुचेना. मग टाचच मागितली.

संध्याकाळी कारियोनला नन्सनी गाणी म्हटली आणि प्रत्येकाला कागदाची रंगीत चांदणी दिली. माझी रडण्याची वेळ चुकीची होती, शेजारचा काठीवाला बघत राहिला. दोरा लेओनच्या आसपास कधीतरी गळून पडला. सांत्यागोच्या कॅथेड्रलमध्ये माएस्त्रो मातेओ या शिल्पकाराचा पोर्तिको, कोरीव प्रवेशमंडप, पाहिला. यात्रेकरूंच्या हातांनी खांबावर पाच बोटांचे खळगे पडलेत, पण आता तिथे हात लावू देत नाहीत.

व्हियाल्काझारहून निघताना म्हातारी दारापर्यंत आली होती. पायरीवर बसून मी बूट घातले, नाडी आवळली. ती वाकली, गाठ सोडली आणि परत सैल बांधली.