मॅच्युअर मुलगी

रविवार, रात्र

मावशीने ताईच्या लग्नाचा बायोडेटा पाठवलाय. उंची, रास, नाडी, पगार, आणि खाली 'मॅच्युअर, समजूतदार, ॲडजस्ट करणारी'. मुलांच्या बायोडेटात हा शब्द मला कधी दिसला नाही. तिथे 'निर्व्यसनी' असतं, बास.

आमच्या घरात हा शब्द नेमका कुणाच्या वाट्याला येतो ते आठवून बघितलं. जमिनीच्या वाटणीत बाबा गप्प बसले, तर बाबा मॅच्युअर. धाकट्याने माझी स्कूटी ठोकून आणली तेव्हा आई मला म्हणाली, "तू मॅच्युअर आहेस ना, सोडून दे." ज्याने काहीतरी सोडावं असं बाकीच्यांना वाटतं, त्यालाच हे प्रशस्तिपत्र मिळतं. ठाम नाही म्हणणारा तो आगाऊ किंवा हट्टी.

आजी वेगळं बोलायची. मुलीला पाळी आली की 'शहाणी झाली'. म्हणजे काल परकर सावरत लंगडी खेळणारी आज एकदम शहाणी, आणि लगेच सासरी धाडायच्या गोष्टी सुरू. मुलगा कधी शहाणा होतो, हे मात्र आजीने कधी सांगितलं नाही!

यावरून रखमाबाई आठवल्या. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने 1884 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं एवढंच, की कळतं वय नसताना, मला न विचारता लागलेलं हे लग्न मला मान्य नाही. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात फिरला आणि 1887 मध्ये कोर्टाने बजावलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद चालेल. विशीतली मुलगी हे भर कोर्टात सांगते! पुढे 1891 मध्ये मुलींचं संमतीवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं कायदेशीर वय, दहाचं बारा झालं, तर तेवढ्यावरूनही केवढा गदारोळ झाला. टिळकसुद्धा विरोधात होते.

रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. कैदेत जावं लागलं नाही, कारण 1888 मध्ये तडजोड झाली. इथे सोडून दिलं ते नवऱ्याने, तेही दोन हजार रुपये मोजून घेऊन.