गुळाच्या सौद्यात नेमकी हुकमत कुणाची?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा, म्हणजे लिलाव, बंद पडला की शेतकरी थेट पुण्याला, राज्य कृषी पणन मंडळाकडे अर्ज धाडतात. पत्ताच चुकतो. शेतमालाच्या विक्रीचा कायदा म्हणजे 1963 चा पणन अधिनियम; त्याच्या कलम 39 अ खाली 1984 मध्ये आलेलं हे मंडळ बाजारांचा विकास, नियोजन, सल्ला बघतं. अडत्याचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचा, परवाना रोखणं त्याचं काम नाही.

ती हुकमत बाजार समितीची. त्याच अधिनियमातलं कलम 7 परवाना देण्याचं, कलम 8 तो निलंबित किंवा रद्द करण्याचं. पण त्याआधी कारण लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. संतापाच्या भरात तोंडी ‘उद्यापासून बंद’ म्हटलेले आदेश पुढे टिकत नाहीत ते इथंच. मालाची प्रत, वजन किंवा पैशांचा वाद असेल तर कलम 10 ची लवादाची वाट आहे, आणि तिथं भांडण नव्हे, कागद लागतो: आवकेची नोंद, काटापट्टी (वजनाची पावती), हिशेबपट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती). तीस किलोच्या रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या आणि प्रत्यक्ष वजन दोन्ही काटापट्टीवर आहेत का, तिथंच उभं राहून बघा. साध्या चिठ्ठीवर भागवलंत तर समितीही हात वर करते.

समितीलाही मर्यादा आहेतच. फळं-भाजीपाल्यावर 2016 पासून आवाराबाहेर तिचं नियमन नाही. बाहेरचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवला, तर तो प्रश्न मुख्यतः भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, म्हणजे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावाचं संरक्षण) कायद्याचा. समितीच्या कारभाराबद्दलच तक्रार असेल, तर ती जिल्हा उपनिबंधकांकडे, पोच घेऊन.