उद्या काशीद!

उद्या संध्याकाळी काशीदच्या किनाऱ्यावर आमचं प्री-वेडिंग शूट. आजचा अख्खा दिवस इस्त्री, पिना आणि भरती-ओहोटीच्या वेळा बघण्यात गेला. फोटोग्राफरदादांनी बजावलंय, सूर्यास्ताला ओहोटी हवी. ओल्या वाळूत आकाश उतरतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्या हिशेबानेच तारीख धरली.

तिथली वाळू पांढरट, फिकट रंग हरवतात. म्हणून आईची मोरपंखी इरकल काढली. घडीला अजून डांबरगोळ्यांचा वास होता. गच्चीत दोरीवर टाकली आणि लाल पदर उन्हात काय खुलला! बघतच राहिले. आईसुद्धा.

त्याला गडद निळा कुर्ता. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. काशीदच्या पाण्याला फार ओढ आहे.