गार बॉयलर

वाफेच्या इंजिनाला हात लावला आणि ते गार लागलं. एवढंच. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

बेळगावातून निघताना धुकं होतं. खानापूर, गुंजी, लोंढा, सगळं काचेआडूनच गेलं. हुबळीच्या रेल्वे म्युझियमात पोचेस्तोवर ऊन चढलेलं, तरी फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, पत्रा हिमासारखा. थंडीतलं लोखंड असंच लागणार, मान्य. पण या पत्र्याला उघडा हात लावायची सोय नसायची.

शेडमधलं इंजिन असं गार होऊ देत नसत. रात्री आग दाराशी ओढून दाबून ठेवायची, पहाटे राख पाडून फुलवायची. कारण गार बॉयलर पेटवायचा म्हणजे सहा-आठ तास. आधी बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी बघायचं. मग लाकूड आणि तेलात भिजवलेले चिंध्यांचे बोळे, मग थोडाथोडा कोळसा. घाई केली की पत्रा आणि नळ्या सारख्या तापत नाहीत, नळ्यांची तोंडं गळू लागतात. थंडीत सिलिंडरही गार. आत शिरलेल्या वाफेचं पाणी होतं आणि पाणी दबत नाही. म्हणून ते पाणी सोडायचे ड्रेन कॉक उघडे ठेवूनच निघायचं, नाहीतर सिलिंडरचं झाकण फुटतं. निघताना दोन्हीकडून सुटणारे ते पांढरे फवारे त्यासाठी असायचे.

आता हे कुणाला लागतंय? आपल्याकडचं मीटरगेज 1990 च्या दशकात गेलं. चौरस इंचाला 210 पौंड दाब पेलणारी वायपी जातीची इंजिनं गेली. लोक फोटो काढून पुढे जात होते. मला हलवेना. दाबाचा काटा शून्याच्या खुंटीला टेकलेला. आबांचे हात... जाऊ दे.

मग वाकून आगीच्या दारातून आत बघितलं आणि वॉशआउट आठवलं. मुद्दाम बॉयलर गार करायचा तो दिवस. खालचे प्लग काढून पाण्याच्या जोरदार धारेनं गाळ आणि खपल्या धुवायच्या, बॉयलरमेकरनं दिवा घेऊन फायरबॉक्समध्ये शिरायचं. तापलेल्या इंजिनात कोण शिरणार? गार आहे म्हणून तर मला फायरबॉक्सच्या छपरातला शिशाचा प्लग दिसला.

गोव्यातल्या कुळ्याहून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला चढताना 37 फुटांमागे 1 फूट चढ. चिमणी पुढे असली की पाणी मागं, फायरबॉक्सकडे जमतं आणि काच भरलेली दिसते. माथ्यावर सपाटी लागली की तेच पाणी पुढे सरकतं, छप्पर उघडं पडू शकतं. तसं झालं तर शिसं वितळून वाफ आगीवर उतरते, तेवढीच सूचना. म्हणून माथा यायच्या आधी बॉयलरात पाणी ढकलणारा इंजेक्टर लावायचा. भरल्या काचेवर विसंबायचं नाही.

दिसलं खरं. तरी तळहाताला तो गारवा आहेच अजून.

घरी आलो तर आबांनी जेवणाचंही विचारलं नाही.

"आत वाकून बघितलास काय?"

"बघितलो की."

"प्लग?"

"हाय जाग्यावर."

काचेत पाणी किती, हे त्यांनी विचारलं नाही.