गुलमर्ग की औली: नागपूरहून बर्फात जाण्याआधी

पोरांना स्कीइंग शिकवायचं, हे आमच्या घरी दिवाळीतच ठरलं. कुठे शिकवायचं यावर मात्र दोन तट पडले. बाबा म्हणाले उत्तराखंडच्या गढवालमधलं औली, दादा म्हणाला काश्मीरमधलं गुलमर्ग. माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. विदर्भातून पहिल्यांदा बर्फात शिकायला जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांच्या म्हणण्यात वजन होतं. औलीच्या पायथ्याशी जोशीमठ आहे. बद्रीनाथाची दारं हिवाळ्यात बंद झाली की शंकराचार्यांची गादी तिथल्या नृसिंह मंदिरात येते. ऋषिकेशहून वर जाताना देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम एकापाठोपाठ लागतात, आणि औलीत पोचलं की ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी समोर. "पोरं बर्फात खेळतील, मी दर्शन घेईन. एका प्रवासात दोन्ही होते," असं ते म्हणत. शिकायच्या दृष्टीनेही औली वाईट नाही. गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं, आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथल्याच उतारांवर झाल्या होत्या.

अडचण निघाली रस्त्याची. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर, सगळा घाट, म्हणजे पूर्ण एक दिवस गाडीत. त्याआधी नागपूर ते दिल्ली आणि दिल्ली ते ऋषिकेश आहेच. जोशीमठहून औलीला नेणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ पासून बंद, त्यामुळे शेवटचा टप्पाही रस्त्यानेच. श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. आईला घाटात मळमळतं, म्हणून आमच्याकडे हा मुद्दा लहान नव्हता. तरी एवढ्यावर मी बाबांना नाही म्हटलं नसतं.

खरा निर्णय झाला तो बर्फाच्या भरवशावर. दोन्हीकडे बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणाली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-वरुडच्या संत्र्यावर गारपीट होते, तिच्यामागेही पुष्कळदा हेच विक्षोभ असतात, तेव्हा नाव आपल्याला नवीन नाही. हे विक्षोभ काश्मीरला आधी गाठतात. गढवाल आणखी पूर्वेला असल्याने तिथे पोचेस्तोवर त्यांचा जोर बरेचदा कमी झालेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. हे वाचून दादा खूश झाला, पण मी त्याला पुढचंही वाचून दाखवलं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या गेल्या. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, तेसुद्धा आता बर्फाची हमी देत नाहीत.

मग मी प्रश्नच बदलला. आपण गेलो आणि खाली बर्फ नसला, तर वर जाता येईल का? औलीचे उतार साधारण २,५०० पासून ३,०५० मीटरपर्यंत आहेत. त्याच्या वर गोरसन बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण आहे, पण तिथे पायीच जावं लागतं, आणि शिकाऊ पोरांना पायात जड बूट घालून तिकडे कोण नेणार? गुलमर्ग गाव २,६५० मीटरवर. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगडोरीला जातो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. गावातला बर्फ विरघळला तरी कोंगडोरीला मिळण्याची आशा राहते. मुलांची सुट्टी आणि पैसा एकदाच खर्च होणार होता, त्यामुळे मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटली.

दुसऱ्या टप्प्याचं आकर्षण फार असतं, सगळ्यांना तिथेच फोटो हवे असतात. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांनी स्की घेऊन त्या वाटेला जाऊच नये. तिथला उतार मुरलेल्या लोकांचा आहे आणि आखलेल्या भागाबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. शिकायची जागा खाली, गोल्फ कोर्सजवळच्या सौम्य उतारावर. बाबांना रक्तदाब आहे, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना विचारून कोंगडोरीच्या वर न्यायचं नाही हे आधीच ठरवलं.

बाबांना हे सगळं मी नकाशा पुढ्यात ठेवून सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पोट्ट्यांना शिकायचं आहे ना, मग बर्फ असेल तिथं चला. बद्रीनाथाला आपण दारं उघडल्यावर जाऊ." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली.

तयारीतल्या दोन-तीन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरातलं एक तरी पोस्टपेड असू द्या. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गच्या पुढे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडीच वर जाते, तेव्हा त्या खर्चाची तयारी ठेवा. जीन्स अजिबात नको, ती भिजली की वाळत नाही. आतले गरम कपडे आम्ही नागपुरातच घेतले. स्की, बूट आणि काठ्या तिथे भाड्याने मिळतात. बूट घालून गुडघे पुढे वाकवल्यावर टाच वर उचलली जाते का ते बघा, जात असेल तर लहान माप मागा. नवशिक्याला हनुवटीपर्यंत येणारी स्की सोपी जाते. आणि निघण्याआधी महिनाभर तरी मांड्यांचा व्यायाम करा. आम्ही रोज सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चढत होतो आणि घरी उठाबशा काढत होतो.

गुलमर्गला पोचलो तेव्हा गावातच भरपूर बर्फ होता. पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी पोरांना चालायलाच लावलं, एका पायात स्की आणि एक पाय मोकळा. मग पडायचं कसं आणि उठायचं कसं. त्यानंतर टोकं जवळ आणि टाचा लांब करून थांबायला शिकवलं. माझी भाची घाईची, तिला लगेच खाली घसरायचं होतं. प्रशिक्षक तिला म्हणाले, "बेटा, पहले रुकना." दुपारपर्यंत ती स्वतःहून थांबू लागली. उताराच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले बाबा दर वेळी टाळ्या वाजवत होते.

बद्रीनाथाची दारं उघडल्यावर आम्ही जोशीमठच्या वाटेने जाणार आहोत. दादाने रजेचा अर्ज दिला आहे.